सुटकेचा प्रस्ताव फेटाळला, आता पुढे?

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगाव, नाचणगाव, देवळी या पट्ट्यातल्या एखाद्या घरचा माणूस खुनाच्या जुन्या खटल्यात जन्मठेप भोगत असेल, तर चौदावे वर्ष लागले की त्या घरात बोटांवर हिशेब सुरू होतो. तुरुंगातून 'प्रस्ताव गेला' असा निरोप येतो. मग पोलीस ठाण्याचा माणूस चौकशी करून जातो आणि त्यानंतर बरेच महिने काहीच हालत नाही. शेवटी मंत्रालयातल्या गृह विभागाचे एक पानी पत्र तुरुंगात पोहोचते. मुदतपूर्व सुटका अमान्य, असे त्यात असते, किंवा अमुक प्रवर्गात बसवून २६ वर्षे पूर्ण झाल्यावर सोडावे, असे असते.

या पत्रानंतर कुटुंबे बहुधा दोनपैकी एका वाटेने जातात. काही जण सरकारचा शब्द अखेरचा मानून गप्प बसतात. काही जण वकील गाठतात आणि साक्षीदार खोटे होते, पंच फितूर होते, हे वीस वर्षांपूर्वीचे सगळे पुन्हा मांडायला सांगतात. दोन्ही वाटा फुकट जातात. खून कोणी केला, हा वाद शिक्षा कायम झाली त्या दिवशी संपला. नकाराच्या पत्राविरुद्ध जी लढाई असते ती एवढ्यापुरतीच असते: सरकारने हा निर्णय योग्य धोरण लावून, योग्य कागद पाहून आणि कारणे देऊन घेतला का? हे नीट ध्यानात घेतले तर पुढची प्रत्येक पायरी सोपी होते.

चौदा वर्षांचा गैरसमज

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, किंवा फार तर वीस, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. कायदा तसे म्हणत नाही. गोपाळ विनायक गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. मिळवलेली माफी जमेस धरूनही, सरकारने आदेश काढल्याशिवाय बंदी आपोआप सुटत नाही. वीस वर्षांचा आकडा कायद्यात आहे, पण तो शिक्षेचे अपूर्णांक मोजण्यापुरता.

चौदा वर्षांचा आकडा आला तो १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या कलम ४३३-अ मधून. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा असू शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही, असे हे कलम सांगते. म्हणजे चौदा वर्षे हा उंबरठा आहे, सुटकेची तारीख नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात हीच तरतूद कलम ४७५ मध्ये आहे आणि शिक्षामाफीचा मूळ अधिकार, म्हणजे जुने कलम ४३२, आता कलम ४७३ मध्ये आहे. जुन्या पत्रांवर जुने आकडे दिसले तर गोंधळून जाऊ नका.

आपल्याकडे दारे कोणती?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून असा कायदा केला आहे की, प्रत्यक्ष मारेकरी नसतानाही जुन्या नियमाने खुनात दोषी ठरलेला कैदी शिक्षा नव्याने ठरवण्यासाठी थेट न्यायालयात अर्ज करू शकतो. तो फेटाळला तर वरच्या न्यायालयात अपील होते. मोबाइलवर असे काही वाचून आपल्याकडेही तसाच अर्ज असेल, असे वाटण्याचा संभव आहे. भारतात जन्मठेपेच्या बंद्यासाठी असा सरसकट अर्ज नाही. आपल्याकडची दारे वेगळी आहेत.

पहिले दार अपिलाचे. जुन्या खटल्यात हे आधी तपासा, कारण गरीब घरात कधी कधी उच्च न्यायालयात अपीलच झालेले नसते. सत्र न्यायालयाच्या जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस असते. पण विलंब माफ करण्याचा अर्ज देता येतो आणि तुरुंगातून अधीक्षकांमार्फत पाठवायच्या 'जेल अपिला'ची सोय कायद्यात आहे.

दुसरे दार सरकारी शिक्षामाफीचे, म्हणजे मुदतपूर्व सुटकेचे. बहुतेक कुटुंबांचा संबंध याच दाराशी येतो. त्याला जोडून राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे अर्ज करता येतो. त्या अधिकाराला चौदा वर्षांची अट बांधत नाही, मात्र राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात.

तिसरे दार वयाचे: गुन्ह्याच्या वेळी आरोपी अठरा वर्षांखालचा होता का? त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी एक नवी वाट नागपूरच्याच प्रकरणातून निघाली आहे. २००८ च्या एका बालिकेच्या हत्येत वसंता संपत दुपारे याची फाशी २०१४ मध्ये कायम झाली होती आणि २०१७ मध्ये फेरविचारही फेटाळला गेला होता. २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२ खाली त्याची याचिका मान्य करून फक्त शिक्षेच्या मुद्द्यावर नव्याने सुनावणी ठेवली. कारण असे की, आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि सुधारण्याची शक्यता तपासण्याची जी पद्धत न्यायालयाने २०२२ च्या मनोज निकालात घालून दिली, ती त्याच्या बाबतीत पाळली गेली नव्हती. दोषसिद्धीला हात लागलेला नाही. ही वाट फाशीच्या प्रकरणांसाठी आहे आणि तीही अपवादाने उघडते. जन्मठेपेच्या बंद्याने तिच्यावर भिस्त ठेवू नये.

नकाराचे पत्र कसे वाचायचे

आधी पत्राची प्रत हातात घ्या. 'साहेब म्हणाले नामंजूर झाले' एवढ्यावर कोणताही वकील काही करू शकत नाही. १८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधी स्पष्ट निर्देश दिले आहेत. राज्याचे मुदतपूर्व सुटकेचे धोरण असेल, तर पात्र झालेल्या बंद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी सरकारने करायचा. मंजूर असो वा नामंजूर, आदेशात थोडक्यात कारणे हवीत. आदेश तुरुंगामार्फत बंद्याला ताबडतोब कळवायचा, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पाठवायची आणि नकाराला आव्हान देता येते हेही तुरुंग प्रशासनाने बंद्याला सांगायचे. तेव्हा प्रत मागणे ही मेहेरबानी नाही. मुलाखतीत बंद्याला सांगा की त्याने अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

पत्र हाती आले की चार गोष्टी लाल शाईने अधोरेखित करा. कोणत्या तारखेचे धोरण लावले? कोणत्या प्रवर्गात आणि पोटप्रवर्गात बसवले? कोणाकोणाचे अहवाल विचारात घेतले? आणि नकाराचे कारण काय दिले आहे, की दिलेलेच नाही? पुढची सारी याचिका या चार खुणांवर उभी राहते.

धोरण कोणत्या सालचे?

महाराष्ट्रात मुदतपूर्व सुटकेची मार्गदर्शक तत्त्वे वेळोवेळी बदलली. ११ मे १९९२, ११ एप्रिल २००८ आणि १५ मार्च २०१० या तारखा वकिलांच्या तोंडी वारंवार येतात. २०१० च्या तत्त्वांत गुन्ह्यांचे प्रवर्ग पाडले आहेत. रागाच्या भरात, एकट्याने, आधीचा गुन्हेगारी इतिहास नसताना झालेला खून एका पायरीवर, पूर्वनियोजित खून त्याच्या वरच्या पायरीवर, आणि टोळीने किंवा अतिशय क्रूरपणे केलेला आणखी वर. पायरीनुसार वर्षे वाढत जातात. ही वर्षे माफीसह मोजायची असतात, पण प्रत्यक्ष तुरुंगवास १४ वर्षांपेक्षा कमी चालत नाही आणि त्या चौदांत खटल्याआधीची कोठडी धरली जाते.

मग बंद्याला कोणते धोरण लागू? सर्वोच्च न्यायालयाने हरयाणा राज्य विरुद्ध जगदीश या २०१० च्या निकालात नियम सांगितला: शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होते ते लागू. मात्र प्रस्तावाचा विचार होताना नवे धोरण बंद्याला अधिक फायद्याचे असेल तर त्याचा लाभ द्यावा. जुन्या खटल्यात म्हणूनच शिक्षेची तारीख सोन्याच्या मोलाची ठरते. १९९८ ची शिक्षा असेल आणि पत्रात फक्त २०१० चा उल्लेख असेल, तर १९९२ च्या तत्त्वांखाली किती वर्षे झाली असती, हे शेजारी मांडून पाहा. कमी येत असतील तर तो याचिकेतला पहिला मुद्दा.

प्रवर्ग चुकला का, हे निकालपत्र सांगते

सर्वांत जास्त वाद प्रवर्गाचा असतो आणि त्याचे उत्तर सत्र न्यायालयाच्या निकालपत्रात असते. सरकारी कागदात 'पूर्वनियोजित' लिहिले असेल, पण न्यायाधीशांनी भांडण अचानक पेटले असे नोंदवले असेल, तर प्रवर्ग चुकीचा आहे. 'टोळी' लिहिले असेल आणि बाकीचे आरोपी निर्दोष सुटले असतील, तरीही तेच. वर्ध्याच्या सत्र न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे, दोन्ही निकाल मिळवा. उच्च न्यायालयाने अपिलात काही निष्कर्ष बदलले असतील तर तेच अंतिम. शिक्षा ठोठावताना निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळालेली असते. ती हरवली असेल तर नक्कल विभागात खटला क्रमांक, वर्ष आणि आरोपीचे नाव देऊन अर्ज करा. खटला क्रमांक माहीत नसेल तर तुरुंगातल्या नोंदीत तो असतो.

निकालाचा शेवटचा परिच्छेद, म्हणजे प्रत्यक्ष शिक्षेचा आदेश, दोनदा वाचा. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालानंतर वरची न्यायालये कधी कधी '२५ वर्षे कोणतीही माफी नाही' अशी ठरावीक मुदतीची शिक्षा देतात. असे वाक्य असेल तर तेवढा काळ सरकारच्या माफीचा प्रश्नच येत नाही. तशी मुदतच शिक्षा म्हणून ठरवून दिलेली असेल आणि ती पूर्ण झाली असेल, तर सुटकेसाठी माफीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुखदेव यादव प्रकरणात म्हटले आहे. एका वाक्याने सगळा रस्ता बदलतो.

वर्षांचा हिशेब स्वतः मांडा

तुरुंगाचा 'नॉमिनल रोल' हा या कामातला कणा. त्यात अटकेची तारीख, कोठडी, शिक्षा, मिळालेली माफी, कापलेली माफी, संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल आणि परत यायला झालेला उशीर अशा नोंदी असतात. त्याची प्रत घेऊन हिशेब करा.

तीन जागी चूक सापडू शकते. एक, वर्ध्याच्या जिल्हा कारागृहात खटला चालू असताना काढलेले महिने नागपूर किंवा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहाच्या नोंदीत पूर्ण उतरलेले नसतात. दोन, उशिरा परतल्याबद्दल माफी कापलेली असते, पण आजारपणाचे कागद देऊनही नोंद तशीच राहते. तीन, घरचे लोक पॅरोलचे दिवसही चौदा वर्षांत धरतात. गोव्यातल्या बंद्यांच्या रोहन धुंगट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की प्रत्यक्ष १४ वर्षे मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. ही वजाबाकी आधीच करून ठेवा, नाहीतर सरकारी वकील पहिल्याच पेशीला याचिका मुदतीआधीची म्हणून दाखवतील.

समजा, प्रत्यक्ष १६ वर्षे आणि माफीची ५ वर्षे, मिळून २१ झाली. प्रवर्ग २२ वर्षांचा असेल तर एक वर्ष उरते आणि २६ चा असेल तर पाच. पहिल्या स्थितीत याचिका लांबवण्यापेक्षा वर्ष भरताच सुटकेचा आदेश निघावा म्हणून पाठपुरावा करणे शहाणपणाचे. दुसऱ्या स्थितीत याचिका केलीच पाहिजे.

कोणते आक्षेप टिकतात

पहिला, कारणेच नाहीत. 'प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे' एवढेच लिहिलेला आदेश न्यायालयात फार वेळ तग धरत नाही. सरकारने याचिकेनंतर शपथपत्रात नवी कारणे जोडली तर त्याला हरकत घ्या. आदेश मूळ कारणांवरच तपासायचा, हा मोहिंदरसिंग गिल निकालापासूनचा, म्हणजे १९७७ पासूनचा, प्रस्थापित नियम आहे.

दुसरा, न्यायाधीशांचे मत. शिक्षामाफीआधी ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्या पीठासीन न्यायाधीशांचे मत मागवतात. मूळ न्यायाधीश निवृत्त झालेले असतात, म्हणून सध्याचे न्यायाधीश मत देतात आणि ते कधी कधी 'गुन्हा गंभीर आहे, शिफारस नाही' अशा एका ओळीत असते. रामचंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य या एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे कारणांविना मत अपुरे ठरवून ते नव्याने मागवायला लावले. मतात काय असावे, याची यादी २००० च्या लक्ष्मण नस्कर निकालात आहे. गुन्हा समाजाला धक्का देणारा होता की व्यक्तिगत स्वरूपाचा, तो पुन्हा घडण्याची शक्यता किती, बंद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आणखी कोंडून काही साधणार आहे का, आणि कुटुंबाची सामाजिक व आर्थिक स्थिती कशी आहे, हे पाच प्रश्न. तुमच्या प्रकरणातला अहवाल या पाचांपैकी किती प्रश्नांना भिडतो, ते मोजा.

तिसरा, फक्त गुन्ह्याच्या गांभीर्यावर बोट. खून गंभीर असतोच, म्हणून तर जन्मठेप झाली. तुरुंगातले वर्तन, शिक्षण, काम, मोर्शीसारख्या खुल्या कारागृहात झालेली निवड, रजेवरून वेळेत परतणे, यांकडे न पाहता केवळ जुना गुन्हाच पुन्हा सांगणारा आदेश लंगडा ठरतो.

चौथा, भेदभाव. त्याच खटल्यात, त्याच भूमिकेचा सहआरोपी सुटला असेल तर त्याचा आदेश जोडा. ऐकीव माहिती चालत नाही. माहिती अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून गृह विभागाकडे आणि तुरुंगाकडे मूळ नस्ती, अहवाल आणि धोरणाच्या प्रती मागता येतात. अर्ज बंद्याच्या सहीने गेला तर 'त्रयस्थाची माहिती' हे उत्तर टळते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करा.

आणि न टिकणारे आक्षेप: तो निर्दोष आहे, फिर्यादीने सूड घेतला, आई म्हातारी आहे. आईचे म्हातारपण अर्जात जरूर लिहावे, ते पाचव्या प्रश्नात बसते, पण एकट्या त्यावर आदेश रद्द होत नाही.

याचिका कुठे आणि कशी

गृह विभागाच्या नकाराविरुद्ध वर्ध्याच्या न्यायालयात अपील नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली फौजदारी रिट याचिका करावी लागते. प्रतिवादी म्हणून गृह विभागामार्फत महाराष्ट्र शासन, पुण्याचे कारागृह महानिरीक्षक कार्यालय आणि संबंधित कारागृहाचे अधीक्षक येतात. सोबत नकाराचे पत्र, दोन्ही न्यायालयांचे निकाल, नॉमिनल रोल, लागू असलेली धोरणे आणि वर्तनाची प्रमाणपत्रे जोडा. मागणी दोन वाक्यांत असावी: हा आदेश रद्द करावा, आणि योग्य धोरण व प्रवर्ग लावून ठरावीक मुदतीत कारणांसह नवा निर्णय घेण्याचे निर्देश द्यावेत.

रिट याचिकेला दिवसांची ठरलेली मुदत नाही, पण तीन वर्षे पत्र खिशात ठेवून गेल्यास न्यायालय उशिराचे कारण विचारते. पत्र मिळाल्यापासून काही महिन्यांच्या आत जावे.

पैशांअभावी थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बंदी तुरुंगातूनच अर्ज करू शकतो. उच्च न्यायालयातले प्रकरण नागपूरच्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे जाते. घरच्यांनी वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन चौकशी करावी किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. नेमलेल्या वकिलांचे नाव आणि याचिकेचा क्रमांक लिहून घ्या आणि पुढची पेशी ई-कोर्टच्या अॅपवर पाहत जा. नागपूरचे मध्यवर्ती कारागृह आणि खंडपीठ एकाच शहरात आहेत. एकाच फेरीत बंद्याची मुलाखत आणि वकिलांची भेट, दोन्ही उरकता येतात.

न्यायालय काय देते, काय देत नाही

बहुतेक वेळा उच्च न्यायालय बंद्याला थेट सोडत नाही. आदेश रद्द करून सरकारकडे पुन्हा विचारासाठी पाठवते. कधी प्रवर्गही ठरवून देते. हे लहान यश समजू नका, कारण दुसऱ्या वेळी सरकारला कारणे लिहावीच लागतात. मात्र नवा निर्णयही नकाराचा येऊ शकतो आणि त्याला पुन्हा नव्याने आव्हान द्यावे लागते.

नागपूर खंडपीठातले सर्वांत गाजलेले उदाहरण अरुण गवळी यांचे. मार्च २००७ मध्ये झालेल्या नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या खुनात त्यांना २०१२ मध्ये मोक्का न्यायालयाने जन्मठेप दिली. ६५ वर्षे वय आणि १४ वर्षे तुरुंगवास झालेल्या अशक्त बंद्यांसाठी असलेल्या १० जानेवारी २००६ च्या धोरणाखाली त्यांनी सुटका मागितली. २०१५ च्या दुरुस्तीने मोक्काचे बंदी वगळले आहेत, असे सांगून ती नाकारली गेली. ५ एप्रिल २०२४ रोजी खंडपीठाने निकाल दिला की शिक्षा झाली तेव्हाचे धोरण लागू, म्हणून लाभ द्यावा. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जूनमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. ते बाहेर आले सप्टेंबर २०२५ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने मूळ अपिलात जामीन दिल्यावर. यातून दोन धडे घ्यावेत. शिक्षेच्या तारखेचे धोरण हा मुद्दा नागपुरात चालतो. आणि उच्च न्यायालयात जिंकले तरी माणूस दुसऱ्या दिवशी घरी येईलच, असे घरात कोणाला सांगून ठेवू नये.

उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका ९० दिवसांत करावी लागते. तेथेही विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो. ही ९० दिवसांची मुदत मात्र खरी घड्याळाची आहे, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा.

आणखी एक गोष्ट: सोडताना सरकार अटी घालते. अटी वाजवी असाव्यात, अस्पष्ट किंवा पाळता न येण्याजोग्या नसाव्यात, आणि अट मोडली म्हणून पुन्हा आत टाकण्याआधी नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

वयाचे दार

गुन्ह्याच्या दिवशी बंदी अठरा वर्षांखालचा होता, अशी शंका असेल तर माफीची वाट पाहू नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९(२) नुसार हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी खटला अंतिम झाल्यावरही करता येतो.

नारायण चेतनराम चौधरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण याचा दाखला. पुण्यातल्या १९९४ च्या सात जणांच्या हत्येत त्याला फाशी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २००० मध्ये कायमही केली. पुढे राजस्थानातल्या शाळेचा, वेगळ्या नावाचा जन्मतारखेचा दाखला पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली आणि २७ मार्च २०२३ रोजी मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर तो सुटला.

पुरावा कोणता, हेही कायद्यात क्रमाने दिले आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. बंदी जेथे पहिलीत बसला त्या शाळेत जाऊन दाखलखारीज रजिस्टरचा उतारा घ्या. नंतर काढलेल्या आधार कार्डापेक्षा त्या जुन्या वहीतल्या ओळीला न्यायालयात वजन आहे.

गावात करायची तयारी

प्रस्तावाच्या नस्तीत पोलिसांचा अहवाल निर्णायक ठरतो आणि त्यातले नेहमीचे वाक्य म्हणजे 'बंदी गावात आल्यास शांतता भंग होण्याची शक्यता'. याला कागदाने उत्तर द्या. मागच्या प्रत्येक रजेत तो किती दिवस आला आणि एकही तक्रार झाली नाही, याची नोंद जोडा. तो कोठे राहणार, काय काम करणार, कोण जबाबदारी घेणार, हे लिहून द्या. मृताचे कुटुंब त्याच मोहल्ल्यात असेल तर वर्ध्याला किंवा दुसऱ्या नातेवाइकाकडे राहण्याची तयारी दाखवणे अधिक समंजस.

त्या कुटुंबाकडे 'आमची हरकत नाही' असे लिहून मागायला जाऊ नका. त्यांचा माणूस गेला आहे आणि त्यांना हरकत घेण्याचा, न्यायालयात म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. दबावाचा नुसता आरोप झाला तरी नस्तीत तो कायमचा बसतो आणि तुरुंगातल्या माणसाच्या सगळ्या चांगल्या शेऱ्यांवर बोळा फिरतो. सुटका व्हावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याने हे पथ्य आधी पाळावे.

या महिन्यात काय कराल?

बंद्याकडून नकाराच्या पत्राची आणि नॉमिनल रोलची मागणी लेखी करवून घ्या. वर्ध्याच्या नक्कल विभागात निकालासाठी अर्ज टाका. गृह विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज पाठवा. शिक्षेच्या तारखेचे धोरण, पत्रातले धोरण आणि तुमचा वर्षांचा हिशेब, असे तीन रकाने एका कागदावर मांडा. हा कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दलालांना, 'मंत्रालयात ओळख आहे' म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. या कामात पैशाने जे मिळत नाही ते निकालपत्राच्या एका परिच्छेदाने मिळू शकते, आणि तो परिच्छेद शोधायला घरातला वाचता येणारा कोणीही पुरेसा आहे.